शेवटची सोळा पानं

बाबा गेल्यावर आठवडाभरानं श्यामराव काका भेटायला आले. ते आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. जय भीम म्हणाले, आईसमोर हात जोडले, बाबांच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले, मग घेतला. माणूस आतून हललेला आहे हे दिसतच होतं. कप खाली ठेवून ते माझ्याकडे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले,

"रुचिता बेटा, आता इचारू नये. हा टाइम नाही. पन उपमंत्र्याच्या शेरवानीत विंचू कोनं ठेवला होता?"

शोकाबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. त्याच्या पायऱ्या असतात म्हणे, आणि माणूस एकेक चढत जातो. विंचवाची पायरी मला कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती.

आधी विंचवाचं सांगते. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं त्या काळात 'सभागृह रहस्यमाला' नावाच्या छोट्या, खिशात मावणाऱ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या निघायच्या. लेखकाचं नाव 'एक माहितगार'. नायक होते विधानसभेतले लघुलेखक टिपणीस. सभागृहात जो जे बोलेल ते टिपणीसांच्या वहीत. त्यामुळे कोण काय बोलला आणि नंतर 'मी असं बोललोच नव्हतो' असं कोण म्हणाला, एवढ्या भांडवलावर ते गुन्हेगार पकडायचे. राजकारणात त्यांना कधी संशयितांचा तुटवडा पडला नाही. गुन्हे मात्र सौम्य. 'अंदाजपत्रकाची चोरी', 'कोरमची घंटा', 'तारांकित प्रश्नाचा खून'. शेवटच्या पुस्तकात खून होतो तो प्रश्नाचाच, माणसं सगळी सुखरूप राहतात. विंचूसुद्धा कोणाला चावत नाही, फक्त राजीनामा द्यायला लावतो.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. या कादंबऱ्या त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला नागपुरातल्या रद्दीवाल्याकडून पोतंभर आणल्या, आणि पुढची सगळी वर्षं रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या यच्चयावत मराठी घरांना वाचायला दिल्या. पण देण्याची एक रीत होती. प्रत्येक पुस्तक एकशेअठ्ठावीस पानांचं. सोळा-सोळा पानांचे फर्मे, मध्ये तारेची पिन. बाबा पिन सैल करून शेवटचा फर्मा काढून घ्यायचे आणि उरलेलं पुस्तक हातात ठेवायचे. वाचणाऱ्यानं एकशेबाराव्या पानापर्यंत वाचायचं, मग आमच्याकडे यायचं, दिवाणावर बसायचं, चहा घ्यायचा आणि गुन्हेगार कोण ते कारणासकट सांगायचं. त्यानंतर बाबा आत जाऊन शेवटची सोळा पानं घेऊन यायचे. ती तिथेच, त्यांच्यासमोर वाचायची. घरी न्यायला बंदी.

लोक चिडायचे. "हरिदासभाऊ, तुम्ही पुस्तक देता की उसनवारीनं बोलावणं धाडता?" असं आमच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या सत्यभामा काकू दर वेळी म्हणायच्या आणि दर वेळी यायच्या.

ही काढलेली पानं आईच्या पापडाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायची. त्यामुळे आमच्या कॉलोनीत न्यायाला कायम हिंगाचा वास आला.

बाबा गेले तेव्हा सात-आठ घरांत पुस्तकं एकशेबाराव्या पानावर थांबलेली होती. त्यातलं एक माझ्याकडे होतं, 'कोरमची घंटा'. मी नवा रायपूरला क्वार्टरमध्ये राहते आणि रविवारी आईबाबांकडे येते. त्या रविवारी मी बाबांना म्हटलं होतं, घंटा उपसभापतींनी लपवली. ते म्हणाले, "कारन?" मी कारण सांगायला लागले आणि आईनं जेवायला हाक मारली. "मंग इतवारले सांगजो," बाबा म्हणाले. तो रविवार काही आला नाही.

वर्षभर मी तो डबा उघडला नाही. कोणी विचारलंच, तर आई सध्या पापड करत नाही, असं सांगायचे.

वर्ष होत आलं तेव्हा मला एक कल्पना सुचली. आजवर माझ्या कुठल्याही कल्पनेनं आमच्या घराचं भलं केलेलं नाही, हे आई मला शांतपणे सांगत असते. स्मृतिदिनाला विहाराला पंखा किंवा सतरंजी देतात. आपण बाबांची पुस्तकं ग्रंथालयाला द्यावीत आणि तिथल्या एका कपाटावर त्यांचं नाव यावं, अशी ही कल्पना होती. ज्या माणसानं जन्मभर इतरांच्या नावाची पार्सलं सांभाळली, त्याचं स्वतःचं नाव एका कपाटावर असायला काय हरकत आहे? मी पितळेची पाटीसुद्धा करून घेतली. कपाट मिळायच्या आधी पाटी करणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही.

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर, बसची वाट पाहण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जाईल अशा ठिकाणी, एक मोठं सरकारी ग्रंथालय आहे. तिथल्या बडे बाबूंनी मला देणगीचा फॉर्म दिला. त्यावर 'स्वर्गीय' असं आधीच छापलेलं होतं, पुढे नावाची रेघ. मी 'स्वर्गीय' खोडलं आणि वर 'कालकथित' लिहिलं.

"मैडम, ये कालकथित कौन सी डिग्री है?"

"डिग्री नहीं है. हम बौद्ध लोग हैं. हमारे यहाँ स्वर्गीय नहीं लिखते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मतलब पिताजी स्वर्ग नहीं गए?"

"जी नहीं."

ते आवाज उतरवून म्हणाले, "बहुत अफ़सोस हुआ, मैडम."

माझ्या वडिलांबद्दल इतकं मनापासून वाईट वाटलेला माणूस मी वर्षभरात दुसरा पाहिला नव्हता. मी त्यांचे आभार मानले. पण 'स्वर्गीय' खोडलेला फॉर्म त्यांना घेता येईना, कारण खाडाखोड चालत नाही, आणि न खोडलेला मला देता येईना. आम्ही दोघांनी एकमेकांना पुष्कळ सहानुभूती दाखवली. शेवटी त्यांनी मला वरच्या मजल्यावर शिरीष सरांकडे पाठवलं.

शिरीष सर पुण्याहून नुकतेच आलेले तरुण अधिकारी. मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. 'कालकथित' त्यांनी दोन मिनिटांत मंजूर केलं. मग नमुना म्हणून नेलेलं 'तारांकित प्रश्नाचा खून' हातात घेतलं, उलटलं, सुलटं केलं आणि शेवटचं पान चाचपलं.

"मॅडम, हे अपूर्ण आहे."

"शेवट घरी आहे."

"घरी म्हणजे?"

"पापडाच्या डब्यात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अपूर्ण प्रत आम्हाला दाखल करून घेता येत नाही. नियमानं ती फाटकी ठरते आणि फाटकं पुस्तक आलं की निर्लेखित करावं लागतं. म्हणजे तुम्ही आज द्याल आणि मी उद्या रद्दीत काढेन. तुम्ही सगळी शिवून आणा. कपाटाचं मी बघतो. ही एक प्रत तपासणीसाठी राहू दे माझ्याकडे."

म्हणजे काम सोपंच होतं. लोकांकडची पुस्तकं गोळा करायची, डब्यातले शेवट ज्याचे त्याला जोडायचे आणि शिवून घ्यायचे. स्मृतिदिनाला दोन आठवडे होते.

पहिल्यांदा श्यामराव काकांकडे गेले. ते बागेत पाइपनं पाणी घालत होते. पुस्तक मागितल्यावर पाइप माझ्या पायांवर वळला.

"पुस्तक देतो ना बेटा. पह्यले सोळा पानं दे."

"काका, सोळा पानं जोडायलाच पुस्तक पाहिजे."

"अन् मले सोळा पानं वाचाले पायजे. तुह्या बापानं शब्द देल्ता मले."

"कसला शब्द?"

"म्हने, श्याम, या टायमाले तू बरोबर असशील. चाळीस साल झाले, एकही डाव जिंकलो नाही मी. एक नाही! आता जिंकाची पाळी आली, तं मानूस निघून गेला." ते पाइपाकडे पाहत राहिले. गुलाबाच्या कुंडीतून पाणी वाहून गेटपर्यंत पोचलं होतं.

सत्यभामा काकूंचंही तेच. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं, "मी आजवर एकदाही चुकलेली नाही, रुचिता. हरिदासभाऊ स्वतः म्हणायचे, बाई, तुमच्यापुढे टिपणीसांनी पाणी भरावं. तेव्हा आताही निकाल लागल्याशिवाय मी पुस्तक हातचं सोडणार नाही. सोयाम असते तरी हेच म्हणाले असते." सोयाम म्हणजे काकूंचे यजमान. ते जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंच्या मताला दुजोरा द्यायचं काम ते अजून करतात.

मी घरी आले आणि पापडाचा डबा उघडला.

आत एकावर एक शेवट रचलेले होते. आणि एकावरही पुस्तकाचं नाव नव्हतं. प्रत्येकाचं पहिलं पान एकशेतेरा. प्रत्येक प्रकरणाचं नाव 'पडदा उठतो'. बरं, मजकुरावरून ओळखावं, तर 'एक माहितगार' हा गृहस्थ अब्रूनुकसानीच्या खटल्याला इतका घाबरायचा, की एकाही पुढाऱ्याला त्यानं नाव दिलेलं नाही. महसूलमंत्री, उपमंत्री, उपसभापती, अर्थसचिव, विरोधी पक्षनेते, छापखान्याचे व्यवस्थापक. दर पुस्तकात हीच मंडळी. आणि शेवटच्या प्रकरणात तर हा माणूस गुन्ह्याचंही नाव घेत नाही. 'तो प्रकार', 'ती वस्तू', 'त्या दुर्दैवी दुपारी'. ती वस्तू म्हणजे अंदाजपत्रक, घंटा की विंचू, हे तुम्ही आधी वाचलेलं असतं म्हणून तुम्हाला कळतं. भरीला, प्रत्येक पुस्तकाचं एकशेबारावं पान एकाच वाक्यावर संपायचं. टिपणीस वही मिटून म्हणतात, "आता कोणीही जागेवरून उठू नये." आणि प्रत्येक एकशेतेरावं पान सुरू व्हायचं, "कोणीही उठलं नाही."

कुठलाही शेवट कुठल्याही पुस्तकाला बसत होता.

आयुष्य वाचनात घातलेल्या बाईला असं आव्हान मिळाल्यावर ती काय करणार? मी पिनांच्या गंजाचे डाग तपासायला बसले. पुस्तकाच्या पाठीवर जिथे गंज, तिथेच फर्म्यावरही गंज असला पाहिजे, हे माझं तर्कशास्त्र. श्यामराव काकांनी आणि काकूंनी आपापली पुस्तकं भिंतीवरून नुसती दाखवण्यापुरती धरली, मी या बाजूनं भिंग लावलं. आई भाजी निवडत बघत होती.

"काय करून राहिली तू?"

"शेवट जुळवते आहे."

"अस्सं," आई म्हणाली आणि मेथीत डोकं घातलं. ती आणखी काही बोलेल असं मला वाटलं नाही आणि मी विचारलंही नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते.

कॉलोनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी गेली. सल्ले आले. काकूंनी मतदान सुचवलं: शेवट मोठ्यानं वाचायचे, आणि कुठल्या पुस्तकाला कुठला हे हात वर करून ठरवायचं. श्यामराव काकांनी गुप्त मतदानाचा आग्रह धरला, कारण हात वर केले की काकू बघून ठेवतात. कोणीतरी हिंदीत विचारलं की पाण्याच्या टाकीबद्दलही याच सभेत मतदान घेता येईल का. मी ग्रुप म्यूट केला.

आठवडाभर खपून मी बहुतेक जोड्या लावल्या. ज्या पटत नव्हत्या त्या गंजाला पटवल्या. मग काका-काकूंची दोन आणि माझी 'घंटा' सोडून बाकी प्रत्येक पुस्तकाच्या आणि त्याच्या फर्म्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच बारीक आकडा टाकला आणि सगळं बोचकं पुरानी बस्तीत बाइंडरकडे नेलं. त्याला दोनदा समजावलं, आकड्याला आकडा जोडायचा. "हव दीदी, हव," तो म्हणाला. आपल्याला पूर्ण समजलं आहे असं सांगण्याचा इतका गोड शब्द छत्तीसगडखेरीज कुठे नसेल. माझा पूर्ण विश्वास बसला.

तीन दिवसांनी गेले तर पुस्तकं एका ढिगात होती, फर्मे दुसऱ्या ढिगात, आणि दोन्हींच्या कडा लोण्यासारख्या गुळगुळीत.

"पहले कटाई कर दी दीदी. कोने बहुत मैले थे. किसी ने पेन्सिल से कुछ लिख भी दिया था."

मी दुकानातल्या स्टुलावर बसले.

"अब बताओ दीदी, कौन सा कहाँ लगाना है?"

"भैया, वही तो लिखा था."

त्यानं दोन्ही ढिगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला माझी दया आली असावी. "कोई भी लगा देते हैं न दीदी. किताब तो पूरी हो जाएगी."

खरं सांगायचं तर शिरीष सरांच्या नियमात हे बसलं असतं. पुस्तकं पूर्ण झाली असती, कपाट मिळालं असतं, पाटी लागली असती. पण बाबांच्या नावाखाली, बाबांच्या कपाटात, विंचू ठेवणारा भलताच माणूस? मी दोन्ही ढीग तसेच रिक्षात टाकून घरी आणले.

स्मृतिदिनाला भंतेजी आले. वंदना झाली, परित्राण पाठ झाला, भोजनदान झालं. भंतेजी गेल्यावर घरची म्हणून उरलेली मंडळी बसली. श्यामराव काका आणि सत्यभामा काकू दिवाणाच्या दोन टोकांना, मध्ये बाबांची जागा आपोआप रिकामी. तेवढ्यात दारात गाडी थांबली. शिरीष सर पुस्तकं न्यायला स्वतः आले होते. काखेत 'तारांकित प्रश्नाचा खून'.

मी त्यांना जेवायला वाढलं आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागले. विषय निघालाच होता, म्हणून श्यामराव काका शिरीष सरांना समजावू लागले, "सायेब, लई हुशार लेखक. आता अंदाजपत्रकच घ्या. शेवटलोग पत्ता लागत नाही. अन् निंघते कोन? छापखान्याचा म्यानेजर!"

"अर्थसचिव," काकू म्हणाल्या.

"म्यानेजर होता, बाई."

"अर्थसचिव. मी याच दिवाणावर बसून वाचलंय, हरिदासभाऊंसमोर."

"मीबी याच दिवानावर वाचलं! तुमी त्या टोकाले बसल्या असान, मी या टोकाले!"

"तुमचा चष्मा तेव्हाही जुना होता."

"माहा चष्मा काढू नका! मले चांगलं याद आहे. मी छातीठोकपने म्हटलं होतं, गजभिये, चोर अर्थसचिव आहे. अन् पानं वाचले तं म्यानेजर. हारलो! आठ दिवस झोप नाही लागली!"

काकूंनी खिरीची वाटी हळूच खाली ठेवली. "तुम्ही काय म्हणाला होता?"

"अर्थसचिव."

"मीही अर्थसचिवच म्हटलं होतं. आणि पानात अर्थसचिवच निघाला. मी जिंकले."

खोलीत कोणी हललं नाही. एकच पुस्तक, एकच चोर सांगणारी दोन माणसं. एक जिंकलं, एक हरलं. शिरीष सरांचा घास हातात राहिला. मी पिनांचे गंज तपासले होते आणि हे तपासलं नव्हतं.

श्यामराव काका ताडकन उठले. "म्हंजे गजभियेनं मले... चाळीस साल... मी हा चाललो!" त्यांनी सभात्याग केला. पोर्चपर्यंत गेले. तिथे थोडा वेळ थांबले. मग परत आले, कारण त्यांची खीर अर्धी राहिली होती.

"बसा ना भाऊजी," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. हात पदराला पुसत होती. "ओरडू नका. त्याइचा फोटो आहे समोर."

"वहिनी, तुमाले मालूम होतं?"

"मले काहून नाही मालूम? डबा कोनाचा होता?"

मग आईनं सांगितलं. भाजी कशी करायची हे सांगावं त्याच आवाजात. फार पूर्वी, घर गळायचं त्या दिवसांत, सगळी पुस्तकं भिजली होती. बाबांनी पिना काढून फर्मे पंख्याखाली वाळत घातले, आणि लाइट गेली होती म्हणून पंख्याचं बटन चालूच राहिलं. लाइट आली तेव्हा शेवटच्या फर्म्यांची सरमिसळ झाली, ती कायमची. कुठल्या पुस्तकाचा कुठला शेवट, हे त्यानंतर बाबांनाही ठाऊक नव्हतं. आधी ते पार खचले. मग एक दिवस शेजारी पुस्तक मागायला आले.

"तवापासून असंच. इथं बसून मानूस नाव सांगे. हे आत येत अन् मले इचारत, अंजना, काय करू? आज जिंकू देऊ का श्यामले? मी म्हनो, नको. जिंकला की महिनाभर फिरकनार नाही हा मानूस. हारला की दुसऱ्या दिवशी भांडाले हजर."

श्यामराव काका वाटीत पाहत होते.

"अन् मी?" काकूंनी विचारलं. त्यांचं प्रमाण मराठी पहिल्यांदाच घसरलं. "मी तर कधीच हरले नाही."

आई जरा घुटमळली. "तुमी सोयामभाऊ गेले त्या साली पुस्तक घ्याले लागल्या ना. मी म्हटलं, यायले आता हारवू नका जी. मंग तेच चालू राह्यलं."

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मग म्हणाल्या, "तरी अर्थसचिवच असणार तो. भूगोलाच्या दृष्टीनं दुसरं कोणी तिथे पोचूच शकत नव्हतं." श्यामराव काकांनी चक्क मान डोलावली.

"आई," मी म्हटलं. "मी आठवडाभर भिंग घेऊन बसले होते. सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं काय मले?"

शिरीष सरांनी ताट बाजूला केलं. अधिकारी म्हणून बोलणं त्यांना भागच होतं. "मॅडम, मग मूळ शेवट कुठला हे कोणालाच सांगता येणार नाही?"

"नाही."

"मग मला ही दाखल करून घेता येणार नाहीत. नोंद काय करणार? 'शेवट वाचकानुसार'?" ते उठले. गाडी रिकामीच परत जाणार होती. बाबांचं कपाट गेलं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटेना, याचंच नवल वाटलं. दिवाणावर दोन म्हातारी माणसं बसली होती आणि दोघांनाही घरी जायचं नव्हतं. कपाटासमोर असं कोण बसलं असतं?

शिरीष सर दारापर्यंत गेले आणि थबकले. काखेतलं पुस्तक त्यांनी अजून परत दिलं नव्हतं. "एक खाजगी विचारू का? तो तारांकित प्रश्न कोणी मारला? मी पंधरा दिवस झाले..."

आईनं त्यांना नीट न्याहाळलं. पुण्याचा मुलगा, इथे एकटा, डबा कुठून येत असेल कोण जाणे.

"बसा ना, सर. चहा घेता? कोन वाटते तुमाले?"

ते बसले. बाबांच्या रिकाम्या जागेवर नाही, त्याच्या जरा अलीकडे. म्हणाले, विरोधी पक्षनेते. आणि कारण द्यायला लागले तर श्यामराव काका मध्येच तोंड घालू लागले, काकू दोघांनाही गप्प करू लागल्या, आणि आई आत गेली. पत्र्याच्या झाकणाचा आवाज आला. शिरीष सर हरले. त्या निकालानं ते इतके अस्वस्थ झाले की जाताना 'अंदाजपत्रकाची चोरी' घेऊन गेले. श्यामराव काकांना त्यांचा विंचू मिळाला. त्यांनी महसूलमंत्र्यांचं नाव घेतलं होतं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते बरोबर निघालं. ते इतके गप्प झाले की आई काळजीत पडली.

"आता महिनाभर येनार नाही तुमी," ती म्हणाली.

"उद्या येतो वहिनी," काका म्हणाले. "नवीन पुस्तक घ्याले."

पितळेची पाटी मी दिवाणाच्या वर लावली. 'कालकथित हरिदास गजभिये ग्रंथकपाट' असं तिच्यावर लिहिलेलं आहे, आणि खाली कपाट नाही. येणारे विचारतात. आम्ही बसायला सांगतो.

सगळे गेल्यावर, उन्हं अजून पोर्चमध्ये होती तेव्हा, मी पर्समधून 'कोरमची घंटा' काढलं. आईनं पाहिलं. वर्षभर ते पर्समध्येच होतं, हे तिला माहीत असणार.

"अन् तुह्यं बाकी होतं ना?" ती म्हणाली. "कोन?"

"उपसभापती."

"कारन?"

मी कारण सांगितलं. घंटा वाजली नाही असं सगळे म्हणतात, आणि ती ऐकली असं एकटा तोच म्हणतो. मी पूर्ण सांगितलं, या वेळी कोणी जेवायला हाक मारली नाही. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग ती आत गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला. लागायला हवा होता त्याहून जरा जास्तच वेळ लागला. ती आली तेव्हा एका हातात चहा होता आणि एका हातात सोळा पानं. पानांना हिंगाचा वास होता.

एकशेबाराव्या पानावर टिपणीसांनी वही मिटली होती. मी पुढचं पान लावलं. "कोणीही उठलं नाही." मी वाचत गेले. आई समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, बाबा बघायचे तशी. शेवटच्या पानावर टिपणीसांचं बोट विरोधी पक्षनेत्यांकडे वळलं.

"हारली काय?" आईनं विचारलं.

"हरले."

"असू दे," आई म्हणाली आणि पानं माझ्या हातून घेऊन नीट जुळवली. "इतवारले ये. दुसरं काढून ठेवते."